मुक्कामाची बस

५ जानेवारी

बेबीताई,

आमच्या कारखान्याचा रंगाई विभाग एप्रिलअखेर तुमच्या शहरात हलतो आहे. कापडाच्या रंगाची शेड नमुन्याशी जुळवणाऱ्या आम्ही चौघी. त्यांतल्या दोघींना नेणार होते. दुसरीने नाही म्हटलं. मला नाही म्हणता आलं नाही, कारण इथे मागे राहिले तर हातात काही काम उरत नाही. शिलाई मशीन दुरुस्तीचं काम कुठेही चालतं, असं तुमचे दादा स्वतःच म्हणाले.

घर शोधायला मला येता येणार नाही. सगळा विभाग बांधून पाठवायचा आहे. तुम्ही लग्न झाल्यापासून त्या शहरात आहात, तर हे काम तुमच्यावर टाकते. आप्पांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. जिना नको. मुलगी पाचवीत जाईल, तेव्हा शाळा बरी हवी. बाकी मी जुळवून घेईन.

आप्पांचं एकच म्हणणं आहे. 'बेबीच्या जवळ बघा. हाकेच्या अंतरावर.' बातमी कळल्यापासून म्हातारा खूश आहे. शहर बदलण्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल.

वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. आनंद झाला. यापुढे पत्र मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, वर लिहिला आहे. घरी टपाल इकडेतिकडे होतं. फोनही नको. फोन यांच्या टेबलावर असतो, आणि यांचं करसल्ल्याचं ऑफिस घरातच असल्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी समोर बसलेलं असतं.

दुपारी दुकानातून सुटल्यावर दोन घरं पाहिली. एक आमच्या मागच्या गल्लीत, तळमजला. पण आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. काळे डाग पडलेत. आप्पांच्या छातीला सोसणार नाही. दुसरं बाजारापलीकडे, लिफ्ट आहे, पण ती बंदच असते असं खालचा माणूस म्हणाला. एकूण आमचा भाग आता राहण्यासारखा राहिलेला नाही. आवाज फार. पाणीही वेळेवर नसतं.

शहराच्या पार टोकाला एक वसाहत आहे. बैठी घरं, मागे थोडी मोकळी जागा, शाळा वसाहतीतच. घरात उजेड चांगला आहे आणि खिडक्या नीट लागतात. पण सातची बस तिथे जाते ती मुक्कामालाच थांबते. सकाळपर्यंत परत यायला काही नाही. परतीचं भाडं मिळत नाही म्हणून रिक्षावालेही तिकडे वळत नाहीत. एवढं सोडलं तर नावं ठेवायला जागा नाही. अर्थात तिथे कोण राहणार.

आप्पांना नमस्कार. त्यांना एवढ्यात काही ठरल्यासारखं सांगू नका.

बेबी


२८ जानेवारी

बेबीताई,

एक विचारते, रागावू नका. भिंतीची ओल कुठली? नळ फुटलेला असला तर डागाला पिवळी कड येते. पाणी बाहेरून मुरत असलं तर हिरवट झाक असते. तुम्ही नुसतं 'काळे' लिहिलंत. दिवसभर हेच बघण्याचे मला पैसे मिळतात, म्हणून विचारलं. नळ असेल तर दुरुस्त होतो. मग त्या घराला दुसरं काही वावगं नाही, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं.

आणि लिफ्ट. खालचा माणूस म्हणाला, म्हणजे तुम्ही बटण दाबून पाहिलं नाहीत?

टोकाच्या वसाहतीबद्दल तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, बेबी आपल्याला शहरात घेते आहे की शहराबाहेर सोडते आहे? मी हसले नाही. मला कारखान्यापर्यंत दोन बस बदलाव्या लागतील तिथून.

वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काळे म्हणजे काळे. भिंत आहे, कापड नव्हे.

लिफ्टचं बटण दाबलं. आली नाही.

आणखी एक घर पाहिलं, दुकानाच्या जवळचं. शेजारी रात्रपाळीचा छापखाना आहे. आप्पांना झोप लागणार नाही. तुम्हाला वाटत असेल मी मुद्दाम नावं ठेवते. तसं नाही. मी इथे राहते, मला ठाऊक आहे. एखादं वर्ष आप्पा, दादा आणि मुलगी तिकडेच राहिले आणि तुम्ही एकट्याच आलात तर? पुष्कळ लोक असं करतात. मुलीचं वर्षही बुडणार नाही.

विचार करून बघा. आप्पांना हे मी सुचवलं असं कळू देऊ नका.

बेबी


२२ फेब्रुवारी

आदरणीय वहिनी,

आपलं पत्र परवा मिळालं. बरं झालं आपण थेट मला लिहिलंत. इतके दिवस आपल्याकडून काही पत्र नाही म्हणून मी हिला विचारतही होतो. ही म्हणाली, वहिनी कामात असतात.

घरांची एवढी अडचण आहे हे मला आपल्याकडूनच कळलं. ही काही बोलली नाही. गंमत म्हणजे आमच्या अगदी समोरच्या इमारतीत तळमजल्याचा ब्लॉक जानेवारीपासून रिकामा आहे. मालक माझे पक्षकार आहेत, शब्द टाकला की काम होईल. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंती कोरड्या आहेत, मी स्वतः पाहून आलो. डोळ्यांमुळे मी हल्ली स्कूटर विकून टाकली, त्यामुळे मलाही माणसं जवळ असलेली बरी.

हिचीही सोय होईल. दर वर्षी पंधरा दिवस ही आपल्याकडे येते तेव्हा इथे माझे काय हाल होतात ते मी कधी सांगितलं नाही. माझं पान हिच्याशिवाय हलत नाही, हे आपण जाणताच. माहेरच समोर आलं की तिची ती बॅग एकदाची माळ्यावर टाकता येईल. सकाळी जायचं, तासाभरात परत.

आप्पांना माझा नमस्कार सांगावा. कधी येता ते कळवा.

आपला,
भावजी


२६ फेब्रुवारी

बेबीताई,

हे पत्र मी घरी पाठवते आहे. दुकानाच्या पत्त्याचं कारण मला कळलेलं नाही आणि आता चोरून लिहिल्यासारखं मला लिहायचंही नाही.

भावजींचं पत्र आलं. तुमच्या दारासमोर तळमजला रिकामा आहे. जानेवारीपासून. तुम्ही रोज त्याच्यावरून कामाला जाता. आम्हाला मात्र छापखान्याचं आणि काळ्या भिंतीचं कळवता. मी एकटीने यावं असं सुचवता.

सरळ लिहिते. आप्पा थकले आहेत. जवळ आले तर त्यांचं थोडंफार तुमच्याकडे येईल, ही तुम्हाला भीती आहे. एवढंच असेल तर सांगा. त्यांचं सगळं मी करते आहे आणि पुढेही करीन. तुमच्याकडे त्यांचा एक रुमालसुद्धा धुवायला येणार नाही. पण म्हातारा रोज विचारतो, बेबीने घर बघितलं का. त्याला मी काय सांगू?

वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. उघडलेलं मिळालं.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. समोरचा ब्लॉक चांगला आहे. मी नीट पाहिला नव्हता. हे उद्याच मालकांशी बोलतील. हे शेजारीच बसले आहेत, सगळ्यांना नमस्कार सांगतात. दुकानाच्या पत्त्याबद्दल तुम्हाला गैरसमज झाला तो माझ्यामुळे. आता पत्रं घरीच पाठवत जा.

तुम्ही समोर आलात की मला सुट्टीत कुठे जायला नको, हे खरंच आहे. फार चांगलं होईल.

सामान बांधताना माळ्यावरची माझी गादी तेवढी फेकू नका. तिचं काही काम नाही. पण फेकू नका.

बेबी


१८ मार्च

बेबीताई,

हे पत्र दुकानावर पाठवते आहे. माझ्या हातून काय झालं ते मला आता कळलं आहे, पण सगळं कळलं आहे का ते ठाऊक नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

तुमचं गादीचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. मला वाटलं, समोरचं घर ऐकून ते उठून बसतील. ते म्हणाले, 'ती इथे येते तेव्हा पहिले दोन दिवस नुसती झोपते. तू कामावर असतेस, तुला दिसत नाही. मी तिला हाक मारत नाही. चहा झाकून ठेवतो.' मग म्हणाले, 'समोरच्या घरात ती कुठे झोपणार?'

मी त्यांना म्हटलं, समोरच तर तिचं घर असेल. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली.

त्यानंतर कारखान्याने मला नव्या इमारतीतले दिवे तपासायला पाठवलं आणि मी तुमच्याकडे एक रात्र राहिले. कशासाठी आले ते तुम्हाला सांगितलं ते खरंच होतं. पण सकाळी आधी मी मागच्या गल्लीतल्या घरी गेले होते, हे नाही सांगितलं. आतली भिंत मी नखाने खरवडून पाहिली. कोरडी ठणठणीत. लिफ्टनेही वर जाऊन आले. मनात म्हटलं, आता तुम्हाला समोर बसवून विचारते.

विचारायला वेळच मिळाला नाही. तुम्हाला आठवत असेल, भावजी मला गॅलरीत घेऊन गेले, समोरचा ब्लॉक दाखवायला. म्हणाले, 'अहो, हाकेच्या अंतरावर म्हणजे शब्दशः बघा.' आणि त्या रिकाम्या घराच्या बंद खिडकीकडे तोंड करून त्यांनी जोरात हाक मारली, 'अगं!' गंमत म्हणून.

तुम्ही आतून आलात. हात पिठाचे होते. 'काय हवं?' म्हणालात.

भावजी हसले. मीही हसले, वहिनी म्हणून आलेली बाई हसते तशी. मग तुमचा चेहरा पाहिला. चिडलेल्या नव्हतात. नुसत्या उभ्या होतात, आणखी काही काम आहे का याची वाट बघत.

मग स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, 'वहिनी, मला तुम्हाला एक...' आणि बाहेरून पुन्हा हाक आली. चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तुम्ही परत आलात आणि मीठ कुठे ठेवलं ते शोधायला लागलात. ते वाक्य राहिलंच. त्या संध्याकाळी तुमचं एकही वाक्य पुरं झालं नाही. मी नंतर आठवून पाहिलं.

मी भावजींना पत्र लिहायला नको होतं. दुसरं पत्र घरी पाठवायला नको होतं. मी तुमच्यावर संशय घेतला आणि ज्याच्यापासून तुम्ही लपवत होतात त्यालाच साक्षीला बोलावलं.

आता एकच विचारते. आप्पांना काय हवं, मला काय सोयीचं, ते बाजूला ठेवा. आम्ही कुठे राहायला हवे आहोत तुम्हाला?

वहिनी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

हे दुकानात बसून लिहिते आहे. गिऱ्हाईक आलं की थांबते, त्यामुळे तुटक वाटेल.

हे मारत नाहीत. पीत नाहीत. महिन्याचं सगळं वेळेवर आणतात. म्हणून कुणाला सांगायला माझ्याकडे काही नाही. मी मोरीत असले तरी हाक येते. दुकानातून यायला उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. कुणी पाहिलं तर म्हणेल, केवढी काळजी. दुकानाच्या मालकीणबाई म्हणतातच.

वर्षातून एकदा मी रात्रभराच्या गाडीत बसते. सकाळी तुमच्याकडे पोचते. तिथून हाक ऐकू येत नाही. फोन आला तर दादा सांगतात, ती झोपली आहे. माहेर म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच, वहिनी. आप्पा आणि दादा आहेतच. पण मुख्य म्हणजे ते लांब आहे.

तुम्ही इथे येणार हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच सुचलं, की आता मी जाऊ कुठे? माहेरच गावात आल्यावर 'माहेरी जाते' असं म्हणून कुणी पंधरा दिवस जात नाही. संध्याकाळी तासभर जातात. मागून हाक आली की चपला घालतात.

येऊ नका असं लिहिणं म्हणजे आप्पांना येऊ नका म्हणणं. ते मला लिहिता येईना. म्हणून भिंतीला ओल आणली. मला रंगाचं कळत नाही, नाहीतर पिवळी कड लावली असती.

आप्पांचं करावं लागेल म्हणून मी टाळते, असं तुम्ही लिहिलंत. ते यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. म्हणाले, 'बघ, तुझी माणसं तुला काय समजतात.' त्याचं मला वाईट वाटलं, पण तुम्हाला दुसरं काय वाटणार होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टोकाची वसाहत मी दोनदा पाहून आले. पहिल्यांदा तुमच्यासाठी. दुसऱ्यांदा काही कारण नव्हतं. शेवटच्या थांब्यावर उतरले, त्या बंद घराच्या पायरीवर बसले आणि परतीच्या बसने आले. दुपारची होती ती. तिथे राहा असं म्हणायचं मला तोंड नाही. तुम्हाला कामाला दोन बस पडतील, रोज. तुम्हाला सोयीचं असेल ते करा. समोरचं घेतलंत तरी मी रागावणार नाही.

हे पत्र फाडून टाका.

बेबी


३१ मार्च

आदरणीय भावजींना नमस्कार.

समोरच्या ब्लॉकसाठी आपण मालकांकडे शब्द टाकलात याबद्दल आम्ही सगळे आपले आभारी आहोत. परंतु घरी विचार करून आम्ही शहराच्या टोकाच्या वसाहतीतलं बैठं घर घेण्याचं ठरवलं आहे. आप्पांना पायरी एकच चढावी लागते आणि मुलीची शाळा दारात आहे. तुमच्या मेव्हण्यांच्या मशिनी ठेवायला मागे जागाही आहे. मला कामाला लांब पडेल, पण मी बसमध्ये बसून डोळे मिटू शकते. दिवसभर रंग बघणाऱ्या बाईला त्याची गरज असते.

घर हाकेच्या अंतरावर नाही, याचं आप्पांना वाईट वाटलं असेल असं आपल्याला वाटेल. त्यांनीच ते पसंत केलं.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर गैरसमज नको. बेबीताई दुकान आणि तुमचं सगळं आटोपून निघणार म्हणजे सातच्याच बसने. ती बस तिथेच मुक्कामाला असते. त्यानंतर परत जायला काही नाही. तेव्हा त्या आल्या की त्यांना राहावंच लागेल. जवळ असल्यामुळे आता वर्षातून एकदा यायचं कारण नाही, दर शनिवारी येता येईल. आप्पांनी तसं कबूलच करून घेतलं आहे, आणि त्यांच्या शब्दाला आपण मान देता हे मला ठाऊक आहे.

घरात फोन घेतलेला नाही. एवढ्यात घेणारही नाही.

त्यांची गादी सामानाबरोबर येते आहे.

आपली,
वहिनी


१४ मे

प्रिय वहिनी,

नवीन पत्त्यावर तुम्हाला पहिलं पत्र माझंच असेल.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं. परवा बसच्या ऑफिसात जाऊन वेळापत्रक घेऊन आले. चष्मा लावून दिव्याखाली नीट वाचलं. मग पक्षकाराच्या एका मुलाला तिकडे पाठवून खात्री करून घेतली. बस खरंच थांबते. चालक तिथेच झोपतो.

काल म्हणाले, 'पहाटे पहिली बस किती वाजता निघते तिथून?' मी म्हटलं, ठाऊक नाही. ठाऊक आहे.

बॅग माळ्यावर टाकायची राहिली होती, ती राहूच दिली. तिच्यात फार काही भरत नाही, एका रात्रीला काय लागतं. पण बाजारात जायच्या पिशवीतून कपडे नेणं मला पटेना.

शनिवारी मुक्कामाच्या बसने येते. जेवायला थांबू नका. आप्पांना सांगा, चहा झाकून ठेवा. मी आल्याबरोबर झोपणार आहे.

बेबी